पुलावरचा बर्फ

"पावलं कुठं गेली?" मिनागावांनी विचारलं.

तोकुझोने मान खाली घातली. मिनागावांनी चित्र काढायचं आणि तोकुझोने ते छपाईसाठी लाकडावर कोरायचं, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. समोर पहिली प्रत पडली होती. कालव्यावरचा पूल, लाल छत्रीआड एक बाई आणि बर्फच बर्फ. छपाईत बर्फ म्हणजे कोरा कागद; तिथलं लाकूड खरवडून टाकायचं. मूळ चित्रात पुलावरून तोकुझोच्याच गल्लीत वळणारी पावलं होती. ती उमटायची तर तेवढं लाकूड राखायला हवं होतं. ते राखलेलं नव्हतं.

"हात घसरला, सेन्सेई."

"तुमचा हात?" मिनागावांचा आवाज चढला. "अहो, त्या पावलांसाठी तर चित्र काढलं! त्या संध्याकाळी ती उमटताना पाहत खिडकीत बसून कुडकुडलो मी. ते काही नाही. लाकडाचा तुकडा बसवा आणि पुन्हा कोरा."



त्याची बायको ओशिगे चहा घेऊन आली. "लकवा भरला होता का हाताला?" ती नवऱ्यावर करवादली. मग मिनागावांकडे वळली. "पण काय हो सेन्सेई, एवढ्या बर्फात पावलं टिकतात होय? मी अंगण झाडून पाठ फिरवते, तोवर पुन्हा सगळं पांढरं!"

मिनागावांना हसू फुटलं. त्यांनी प्रत लांब धरून बराच वेळ पाहिली.

"आता बाई कुठं निघालीय तेच कळत नाही," ते पुटपुटले. "हेच बरं आहे. राहू द्या असंच."

तोकुझोने प्रत गुंडाळून त्यांच्यापुढे ठेवली.

"पहिली प्रत कुरोदाशेठच्या चहाघरात लागणार," चहा संपवत मिनागावा म्हणाले. "बिचारे वैतागलेत हल्ली. विकत आणलेली नाचणारी पोरगी पळाली त्यांची."

"त्यांची माणसं आमच्याकडेही येऊन गेली," तोकुझो म्हणाला.

मिनागावांना फाटकापर्यंत पोचवून तो परतला. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. ओशिगे वाडग्यांत गरम सूप ओतत होती. तिसरा वाडगा तिने काठोकाठ भरला.

तोकुझोने गाद्यांच्या कपाटाचं दार हळूच सरकवलं.

"ये बाहेर, पोरी. तू आमच्याकडे वळलीस, हे आता चित्रालाही ठाऊक नाही."