कुंडीतली सवत

मास्क बांधून कुमुदिनीबाई खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. आत अच्युतराव कुडकुडत होते. केमोने पांढऱ्या पेशी घटल्या, फुप्फुसांत बुरशी शिरली आणि तिच्यावरचे औषध आता थेंबथेंब शिरेत उतरत होते. बायकोला पाहताच त्यांनी विचारले, "जास्वंदींना पाणी घालतेस ना?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. साऱ्या संसारात हेच! रविवारची सकाळ त्या कुंड्यांची, लाडाचे शब्द त्या कळ्यांना. मातीतली बुरशी अशा रुग्णाला घातक, घरात एकही कुंडी नको, असे डॉक्टरांनी बजावले तेव्हा बाईंना सवत घराबाहेर गेल्याचा आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची लाजही वाटली होती.

"वाळल्या सगळ्या," त्या म्हणाल्या. "टाकून दिल्या. आता घरी याल तेव्हा मी एकटीच असेन."

अच्युतरावांनी डोळे मिटून घेतले.

"थांबा काकू," आत शिरणाऱ्या बाईंचे हात ड्यूटीवरच्या सिस्टरने पाहिले. "नखांत माती आहे. अशा आत जाऊ नका. कुंडीत हात घातला होता का?"

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "शेजारणीच्या गच्चीत ठेवल्यात. तिला मेलीला कलमांतलं काय कळतंय?"

अच्युतरावांचे डोळे उघडले. "कळ्या धरल्या का गं?"

"धरल्या," बेसिनपाशी नखे घासत बाई फणकारल्या. "आणि पहिली कळी यंदा मी पाहिली. तुम्ही नाही!"