आवरून ठेवलेलं घर

ठकी दारातच थबकली.

खोलीत सोफा होता. सकाळी नव्हता. कोपऱ्यात माणसाच्या उंचीचा फ्रिज होता, खिडकीला फुलाफुलांचे पडदे होते आणि मधोमध काचेचं टेबल. या सगळ्या थाटात आई ठेवणीतले कपडे घालून उभी होती.

“आई, हे काय?”

“ओरडू नकोस. सोफा शिंपीणकाकूंचा, फ्रिज वरच्या नर्सबाईंचा. त्या ड्यूटीवरून यायच्या आत परत द्यायचाय. त्यांचं दूधसुद्धा तापवून ठेवलंय मी.” आईचा चेहरा उजळला होता. “तुझ्या बाबांनी कामावर जाताजाता एकट्यानं उतरवला. त्यांच्या हमालीचा कधी नव्हे तो घराला उपयोग झाला बघ. तूच म्हणालीस ना, विद्यापीठातून मॅडम घर बघायला येणार, आवरून ठेव?”

म्हणाली होती. विद्यापीठाच्या रांगेत उभी असताना, घाईघाईत, फोनवर एवढंच म्हणाली होती. घर कशासाठी बघतात ते सांगायचं राहूनच गेलं. फीमाफीचा अर्ज होता. घरात काय आहे यापेक्षा काय नाही, ते बघायला बाई येणार होत्या. आईनं मात्र आपल्या परीनं सरळ विचार केला होता. एवढ्या मोठ्या शहराचं एवढं मोठं विद्यापीठ, ते काय रडक्या घरातली पोरगी घेणार?

हजारो मुलांमधून ठकीचं नाव लागलं होतं. पण जागा तिची व्हायची तर उद्या एकतर फी भरायला हवी होती, नाहीतर माफी मंजूर व्हायला हवी होती. फीचा आकडा ऐकून बाबा नुसतेच हसले होते. “एवढी पोती उचलायला मला आणखी एक जन्म लागेल, पोरी.”

“आई, आधी हे सगळं बाहेर काढ. अगं, त्या मॅडम...”

“येऊ का?”

तपासणीच्या बाई दारात उभ्या होत्या. त्या दिसायला कडक नव्हत्या, नुसत्या थकलेल्या होत्या. सगळ्या शहरातले जिने त्यांच्याच वाट्याला आल्यासारख्या धापा टाकत होत्या.

“या, या मॅडम! बसा ना, सोफ्यावर बसा.” आईनं नसलेली धूळ पदरानं झटकली. “सगळं आमचंच आहे हो. हळूहळू केलं, पै पै जोडून.”

कुणी विचारलंही नव्हतं.

बाई बसल्या. त्यांनी एकदा खोलीभर नजर फिरवली आणि पेन काढलं. “सोफा,” त्या लिहितालिहिता पुटपुटल्या. “फ्रिज. मोठा.” मग मान वर करून पाठ असलेलं वाक्य म्हणाल्या, “माफी ज्यांना फी झेपत नाही त्यांनाच मिळते. आणि जे आहे तेच सांगायचं. सांगितलेलं खोटं निघालं तर अर्ज बाद.”

आईचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. डोळे तेवढे ठकीकडे वळले. आत्ता तिच्या लक्षात आलं होतं.

इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगावं तर आई खोटी ठरते आणि अर्ज बाद. गप्प बसावं तर माफी गेली. ठकी घाबरली. परीक्षेत, निकालाच्या दिवशी, कधीच ती एवढी घाबरली नव्हती. तिला दिसायला लागलं, उद्यापासून आपणही आईशेजारी बसून शर्टांना बटणं लावतोय. आणि जन्मभर दोघींपैकी कुणीही या सोफ्याचं नाव काढत नाही.

“तुम्ही काय करता?” बाईंनी आईला विचारलं.

“मी? बटणं लावते. कारखान्यातून शर्ट आणते, घरी बसून लावते.”

“कुठे आहेत शर्ट? दिसत नाहीत.”

“ते... ते आवरून ठेवलेत.”

बाईंनी भुवया उंचावल्या आणि पुन्हा काहीतरी लिहिलं. आईनं हात पाठीमागे घेतले. सुयांनी टोचून टोचून खरबरीत झालेली बोटं ती एकमेकांत घट्ट अडकवत होती. ठकीला ती बोटं दिसली. मग तिची नजर फ्रिजकडे गेली. त्याची वायर मागे गुंडाळून बांधलेली होती. घरात प्लग एकच, तोही पलीकडच्या भिंतीला.

“मॅडम,” ठकी म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. “थंड पाणी देऊ?”

“अगं, साधंच दे!” आई घाईनं म्हणाली. “उन्हातून आल्यात त्या, घसा धरेल.”

“थंड असेल तर थंडच दे बाई,” तपासणीच्या बाई म्हणाल्या. “जीव नुसता कासावीस झालाय.”

ठकी फ्रिजपाशी गेली. तिनं दार ओढलं आणि पुरतं उघडलं. मग ती बाजूला झाली.

आत दिवा लागला नाही. खालपासून वरपर्यंत सगळ्या कप्प्यांत शर्ट कोंबले होते, बिनबटणाचे. एक बाही सुटून खाली लोंबली. दारातल्या बाटल्यांच्या जागेवरून बटणांचा डबा घसरला आणि दोनचार बटणं घरंगळत बाईंच्या पायाशी जाऊन थांबली.

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी फ्रिजकडे पाहिलं, मग आईकडे. मग लिहिलेल्या ‘फ्रिज. मोठा.’ वर हळूच रेघ मारली.

“दार लाव गं,” आई म्हणाली. “गारवा जातोय सगळा.”