चार बोटं

खांद्याच्या ऑपरेशननंतर चार वर्षं घरी बसलेला, एकेकाळचा अजिंक्य हेवीवेट बॉक्सर जिममध्ये परतला, तेव्हा त्याचं पोट सुटलं होतं आणि ठोसा चार बोटं तोकडा पडत होता. “मास्तर, अजून हात पूर्वीसारखाच चालतो ना?” त्यानं विचारलं. खरं सांगायला माझी जीभ रेटेना. मग सरावात मी हातातलं पॅड प्रत्येक ठोशाला हळूच पुढे नेऊन भिडवू लागलो. फाडकन आवाज घुमायचा. तो बायकोला फोनवर ऐकवायचा, “ऐकलंस? तोच आवाज!” सहा महिने मी तो आवाज काढत राहिलो. आज पुनरागमनाच्या लढतीत, दुसऱ्याच फेरीत त्यानं आपला नावाजलेला उजवा ठोसा मारला. समोरच्याची हनुवटी पुढे आली नाही. उलट आलेल्या एकाच ठोशात तो कोसळला. पंचानं दहापर्यंत मोजलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तसा तो पुटपुटला, “मास्तर, पॅडवर तर रोज बसत होता.”