पेंग्विनची वाट

नातीला शाळेत अंटार्क्टिकाचे कायदे शिकवले. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, त्याची वाट अडवायची नाही. घरी येताच निहारिकाने मला पेंग्विन केलं. सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाच मीटर म्हणजे थेट दाराबाहेर. माझ्या मधुमेहावर पहारा देणाऱ्या मुलाला आणि सुनेला तिने कॉरिडॉरमध्ये उभं केलं.

"बाबा, लाडवांच्या डब्याकडे बघूसुद्धा नका!" सून तिथूनच ओरडली.

"ममा, पेंग्विनवर ओरडायचं नाही!"

मी खुशीत डुलत डुलत स्वयंपाकघर गाठलं. डबा कपाटावर होता. हात पोचेना.

"निहा, स्टुलावर चढून तेवढा डबा दे गं."

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

 

"कान्ट लाह, आजोबा! पेंग्विनला खायला घालायचं नाही, हासुद्धा कायदाच आहे."