घाटातला एर्मेक

सायराकान आपांनी पुढच्या सीटवर बसल्या बसल्या पट्टा ओढून बांधला, आणि कुबानिचचं तोंड उतरलं.

तालासहून बिश्केकला माणसं नेण्यात त्याची चौदा वर्षं गेली होती. पुढे बसणाऱ्यानं पट्टा बांधणं म्हणजे ड्रायव्हरला तोंडावर सांगणं, बाबा, तुझा भरवसा नाही. चार माणसांत वावरलेला माणूस असलं काही करत नसे. कुबानिच स्वतःही बांधत नसे. पट्ट्याच्या खाचेत त्यानं एक सुटं लोखंडी टोक खुपसलं होतं, म्हणजे गाडीची टिणटिण कायमची बंद. असली टोकं बाजारात ढिगानं मिळत.

मागे बसलेले तिघं हसले. म्हातारीला जीव फार प्यारा दिसतोय, असं त्यातला एक पुटपुटला.

“तूही बांध, पोरा,” आपा म्हणाल्या.

“एअरबॅग आहे ना, आपा.”

मग आपा घरी कोण कोण, म्हणून विचारू लागल्या. बायको आणि लेक, त्यानं सांगितलं. लेकीला परवाच चाळीस दिवस पूर्ण झाले होते. रिवाजाप्रमाणे चाळीस चमचे पाण्यानं न्हाऊ घातली, तेव्हा बाप मात्र घाटातच होता. सांगताना त्याला हसू आवरेना.

घाट लागला तशा आपा पुन्हा बोलू लागल्या. त्यांचा एकुलता एक एर्मेक. सव्वीस वर्षांचा, डावखुरा. लहानपणी घोड्यावरून पडला, तेव्हापासून उजवी भुवई मधोमध तुटलेली. याच घाटात, असाच पुढे बसला होता. पट्ट्याकडे हात गेला, पण ड्रायव्हरला वाईट वाटेल म्हणून त्यानं तो मागे घेतला. गाडी कड्याला धडकली. एअरबॅग उघडली खरी. पण पट्टा नसलेला पोरगा आधीच पुढे फेकला गेला होता. ती पिशवीच तोंडावर आदळली, आणि मान मोडली.

“भिडेपोटी गेला माझा पोरगा,” आपा म्हणाल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. ते कुबानिचला जास्त लागलं.

त्यानं गाडी कडेला घेतली. ते लोखंडी टोक उपसून आपांच्या हातात ठेवलं आणि पट्टा बांधला. आरशातून मागे पाहिलं. तिघांनीही मुकाट्यानं पट्टे शोधले.

बिश्केकला आपा बाजारापाशी उतरल्या. डिकीतलं राजम्याचं पोतं त्यांना उचलवेना, म्हणून कुबानिचनंच ते खांद्यावर घेतलं. त्या माउलीसाठी तेवढं तरी करावं, असं त्याला वाटलं. गाड्यांच्या सामानाच्या गल्लीतल्या एका टपरीशी आपा थांबल्या. पायपुसणी होती, वासाच्या कुप्या होत्या, आणि दोरीला ओळीनं लटकलेली तसलीच लोखंडी टोकं. दुकानदार डाव्या हातानं गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत होता. त्यानं मान वर केली. उजवी भुवई मधोमध तुटलेली होती.

“आलीस, आई? आज कुठल्या वळणावर मारलंस मला?”

आपांनी कुबानिचचं टोक त्याच्यासमोर आपटलं.

“तू ही विकायची सोड, मी तुला मारायचं सोडते.”