पॉइंटांचा धनी

कुठल्या विमान कंपनीची पॉइंटांची योजना घ्यावी, यावर पंपविक्रेत्यानं महिनाभर डोकं खाजवलं आणि दर उड्डाणाला पॉइंट देणारी निवडली. मग काय, तासाभरात पोचता येईल अशा गावालाही स्वारी तीन विमानं बदलून जाऊ लागली. हाडं खिळखिळी झाली, पण दोन वर्षांनी दोन फुकट तिकिटं पदरात पडली.

"चल, समुद्र बघून येऊ!" तो बायकोला ऐटीत म्हणाला.

"अहो, त्या पॉइंटांवर तिकिटं कालच काढली. मी आणि ताई जातोय. तुम्ही विमानात बसून बसून दमलात, घरी आराम करा."

त्याचं तोंड एवढंसं झालं, तशी ती समजुतीनं म्हणाली,



"आमची नका काळजी करू. थेट विमान घेतलंय. तीन-तीन विमानं बदलायला आम्ही काय वेड्या आहोत?"