तलवारीचा एक्का

"बाह्या वर कर," झ्वाने म्हणाला.

बोर्तुलनं मुकाट्यानं हातमोजे काढले आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या. त्या थंडीत उघडे हात बघूनच बाकीच्यांना हुडहुडी भरली. झ्वानेनं त्याचे तळवे उलटेसुलटे करून पाहिले, कॉलर झटकली, टोपी उलटी केली. काही सापडलं नाही. अख्ख्या हिवाळ्यात सापडलं नव्हतं, ते आता कुठून सापडणार.

हा बोर्तुल आमच्या बेटाचा, झ्वानेसारखाच. त्याच्यासारखा पत्तेबाज आद्रियातिक समुद्राच्या दोन्ही काठांना झाला नाही. उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या त्या जहाजावर त्यानं खलाशांचा सगळा तंबाखू जिंकला, वर कप्तानाचे लोकरी पायमोजेही. तो जवळ जादा एक्का बाळगतो, हे जहाजावरच्या कुत्र्यांनाही ठाऊक असावं. कुठे बाळगतो, हे मात्र कुणालाच नाही. पत्ते आमच्याकडचे, तलवारी, प्याले, नाणी आणि सोटे अशा चार रंगांचे; त्यांच्या पाठीवर सीलच्या चरबीचे डाग पडले होते. त्या डागांवरून तो पान ओळखतो, असंही म्हणत.

आता जहाज बर्फानं चिरडून बुडालं होतं. उरली होती एक होडी. माणसं सहा, आणि सहावा चढला की काठावरून पाणी आत यायचं. दोनदा करून पाहिलं. कप्तान म्हणाला, "मी राहतो." खलाशांनी त्याचं ऐकूनच घेतलं नाही, कारण त्याच्याशिवाय वाट कुणाला ठाऊक नव्हती. मग बाकीच्या पाचांनी पत्ते काढायचं ठरलं. गठ्ठा मध्ये ठेवायचा, पाळीपाळीनं वरचं पान उचलायचं. तलवारीचा एक्का ज्याला येईल, तो बर्फावर राहील.

पत्ते कप्तानानं पिसले. बोर्तुलला गठ्ठ्याला बोटही लावू दिलं नाही.

पहिल्या फेरीत एक्का कुणालाच आला नाही. दुसऱ्या फेरीत बोर्तुलची पाळी आली. त्यानं पान उचललं, पण लगेच उलटलं नाही. गठ्ठ्याकडे बघत राहिला.

"का रे, आता हात का अडला?" शेजारी बसलेला झ्वाने म्हणाला.

"थंडी आहे," बोर्तुल म्हणाला आणि पान उलटून टाकलं. तलवारीचा एक्का होता.

 झ्वानेच्या तोंडून निघून गेलं, "शेवटी शेराला सव्वाशेर भेटला."

बोर्तुल हसला. "हे पान माझं. माझ्याजवळच राहू दे," म्हणत त्यानं ते खिशात घातलं. मग हिवाळाभर जिंकलेला तंबाखू होडीत फेकला. "ओढा लेको. मी आता खेळणार कुणाशी?" होडी दिसेनाशी होईपर्यंत तो ताठ उभा होता. सगळ्यांनी काढलेली पानं कप्तानानं गठ्ठ्याखाली सरकवली आणि गठ्ठा तसाच मेणकापडात बांधून ठेवला.

होडीला नॉर्वेच्या मच्छीमारांनी उचललं. बोर्तुलला शोधायला ते मागे फिरले, तेव्हा तिथं नुसतं पाणी होतं.

झ्वाने बेटावर परतला तो थेट बोर्तुलच्या आईकडे, फूमियाकडे गेला. गल्लीकडची तिची खिडकी नेहमीसारखी बंद होती. खाली समोरची उर्सा जाळी विणत बसायची आणि येताजाता विचारायची, "काय गं, आज कुणाला लुबाडलं तुझ्या लेकानं?" त्या लाजेनं फूमियानं कितीतरी वर्षांपूर्वी ती खिडकी लावून घेतली होती.

तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही.

"एकच सांग," ती म्हणाली. "त्या डावात तरी माझा पोरगा सरळ खेळला ना?"

झ्वाने खाली बघत राहिला. "नाही मावशी. लबाडी केली त्यानं."

म्हातारीनं शाल घट्ट आवळली. "मेल्याची खोड मेल्यावरच जायची होती," ती पुटपुटली.

झ्वानेनं मेणकापडाची दोरी सोडली. "होडीत हे उघडायची कुणाची छाती झाली नाही. नॉर्वेत मी उघडलं. यात प्याल्यांची दुर्री नाही. त्याला खरं आलेलं पान तेच, ते त्यानं लपवलं. पण हे आहे." त्यानं गठ्ठ्यावरचं सगळ्यात वरचं पान उचलून तिच्यासमोर ठेवलं. तलवारीचा एक्का होता.

"त्यानं दाखवला तो त्याचा स्वतःचा जादा एक्का," झ्वाने म्हणाला. "खरा हा. दुर्री उचलल्याबरोबर त्याला खालच्या पानाची पाठ दिसली असणार. आणि त्याच्यानंतरची पाळी माझी होती, मावशी."

फूमिया त्या पानाकडे बराच वेळ बघत होती. मग उठली. खिडकीचा अडसर गंजून बसला होता, तो तिनं जोर लावून ओढला आणि दोन्ही दारं सताड उघडली.

"अगं उर्सा," तिनं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "माझ्या बोर्तुलनं शेवटच्या डावातसुद्धा लबाडी केली."